पाच दारं, पाच तास: वडोदऱ्यातल्या एका इतिहास-संचाचं परीक्षण

आठवी ते दहावीच्या मुलांना जातीय छळाचा इतिहास शिकवता यावा म्हणून वडोदऱ्यातल्या काही मराठी शिक्षकांनी मिळून एक संच तयार केला आहे आणि तो सध्या हातोहात फिरतो आहे. विकत मिळत नाही. फाईल येते, आपण छापून घ्यायची. विषय एकच आहे: सप्टेंबर १९१७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या शहरात राहायला खोली मिळाली नाही, ती हकीकत. तिला जोडून खेडा जिल्ह्यातली एक हकीकत आणि जर्मनीवरचं एक पान. साहित्य चांगलं आहे, काही पानं तर फारच चांगली आहेत. पण दोन-तीन जागा अशा आहेत, की संच जसाच्या तसा वर्गात नेला तर जो पूर्वग्रह घालवायचा तोच नवे कपडे घालून मुलांबरोबर घरी जाईल. म्हणून हे जरा सविस्तर.

संचात शिक्षकांसाठी १२ पानांची पुस्तिका आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींतला बडोद्याचा भाग मराठीत, मोठ्या टायपात, ६ पानांवर आहे. स्टेशन, कॅम्प (छावणीचा भाग) आणि कमाटीबाग दाखवणारा साधा नकाशा, कोऱ्या नोंदवहीचं एक कार्ड, घड्याळाचं एक कार्ड, कालपट्टी, ‘दारं’ नावाचे पाच कागद, तलाठ्याची हकीकत २ पानं, जर्मनीचं १ पान आणि शेवटी मुलांनी सही करायची प्रतिज्ञा. ३० मुलांचा वर्ग, पाच-पाचांचे सहा गट, ४० मिनिटांच्या तीन तासिका आणि एक सकाळ बागेत, असा हिशेब पुस्तिकेत दिला आहे. तासिकांचा हिशेब बरोबर नाही, त्याबद्दल पुढे.

या संचाचं मर्म पाच दारांत आहे. आजवर ही हकीकत शाळेत सांगितली जाते ती अशी: बाबासाहेब परदेशातून शिकून आले, त्यांचा अपमान झाला, ते बागेत बसून रडले, पुढे मोठे झाले, घटना लिहिली. ऐकणाऱ्या मुलाला यात स्वतःसाठी जागाच सापडत नाही. बाबासाहेबांच्या जागी स्वतःला ठेवण्याचं धाडस होत नाही आणि काठ्या घेऊन येणाऱ्यांच्या जागी कुणीच स्वतःला ठेवत नाही. संचाने नजर वळवली ती नाही म्हणणाऱ्यांकडे. त्या दिवसांत बाबासाहेबांसमोर कोणकोणती दारं होती आणि प्रत्येक दार नेमक्या कोणत्या कारणाने बंद राहिलं? एका कागदावर एक दार. वर बंद दाराचं रेखाचित्र, खाली तीन ओळी रिकाम्या: दारात कोण उभं आहे, त्याने काय कारण दिलं, त्याला कशाची भीती होती.

पहिलं दार हिंदू विशीचं, म्हणजे राहण्या-जेवणाच्या जागेचं. तिथे आपल्याला घेणार नाहीत हे बाबासाहेबांना आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ते वाजवलंही गेलं नाही. दुसरं पारशी धर्मशाळेचं. ते उघडलं, पण पारशी नाव नोंदवण्याच्या अटीवर. राखणदाराने सदरा आणि कुस्ती (पारशी अंगात घालतात तो पवित्र सदरा आणि कमरेला बांधतात ते पवित्र सूत) पाहिली, अंगावर ती नव्हती, तेव्हा हा पारशी नाही हे त्याला कळलं. तरी वर्दळ नसलेल्या त्या जागी दिवसाला दीड रुपया मिळत होता, म्हणून त्याने ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. आठवडाभराची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. तिसरं दार सरकारी बंगल्याचं. अर्ज केलेला होता, निर्णय होत नव्हता. चौथं दार हिंदू मित्राचं. त्याला ऐकून वाईट वाटलं, पण तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील, असं तो म्हणाला. पाचवं दार ख्रिस्ती मित्राचं. बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल, असं त्याचं उत्तर. नवरा-बायको दोघंही मूळचे ब्राह्मण घरातले, नवरा विचाराने मोकळा झालेला, बायको जुन्या वळणाची. हा सभ्य शब्दांतला नकार आहे हे बाबासाहेबांना समजलं.

हे पाच कागद भिंतीवर एका ओळीत लावले की वर्गात जे घडतं ते भाषणाने घडत नाही. शेवटच्या दोन दारांतले लोक दुष्ट नाहीत. शिकलेले आहेत, मित्र आहेत, हळहळलेले आहेत. ‘नोकर निघून जातील’ आणि ‘घरी विचारून सांगतो’ ही दोन वाक्यं आठवीतल्या मुलानेही घरात किंवा सोसायटीच्या बैठकीत कधीतरी ऐकलेली असतात. पूर्वग्रह बहुतेक वेळा काठी घेऊन येत नाही, असल्याच वाक्यांतून येतो, हे मुलांना कागद भरता भरता उमगतं. इथे शिक्षकाने बोलू नये. तिसरी रिकामी ओळ, कशाची भीती होती ही, भरायला मुलांना सर्वांत जास्त वेळ लागतो. प्रत्येक दाराला ६-७ मिनिटं धरा. पुस्तिका ३ मिनिटं म्हणते, ती पुरत नाहीत.

आता पहिली मोठी चूक. संचाने मजकुराची सहा पानं दोन तासिकांत विभागली आहेत आणि पहिली तासिका पारशी धर्मशाळेतल्या प्रसंगाशी संपते. हा तुकडा इथे तोडणं धोक्याचं आहे. घंटा झाली की तीस मुलं ‘पारशी लोक वाईट होते’ एवढंच घेऊन घरी जातात. गुजरातेत पारशी शेजारी आहेत, वडोदऱ्यात आहेत, नवसारीत आहेत. मुळात बाबासाहेब तिथे गेले तेच मोठ्या आशेने: पारशी धर्म अस्पृश्यता मानत नाही, म्हणून. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस पारशांनाही अस्पृश्य असतो, हे त्या दिवशी आपल्याला प्रथम कळलं, असं ते लिहितात. त्यांचा मुद्दा एका समाजाच्या वाईटपणाचा नाही, जात कुंपण ओलांडून शेजारच्या घरात कशी शिरते याचा आहे. तो समजायचा तर पाचही दारं एकाच बैठकीत यायला हवीत. म्हणून ४०-४० मिनिटांच्या दोन तासिका सलग मागून घ्या. शाळा देत नसेल तर शनिवारी घ्या. तेही जमत नसेल तर वाचनाचा क्रम बदला: पहिल्या दिवशी फक्त स्टेशनपासून विशीपर्यंत थांबा आणि धर्मशाळा, बंगला, दोन्ही मित्र दुसऱ्या दिवशी एकत्र घ्या.

दुसरी चूक नोंदवहीच्या कार्डाची. कार्ड दिसायला सुरेख आहे. धर्मशाळेच्या वहीचं पान, रकाने आखलेले: नाव, गाव, धर्म, येण्याचं कारण, मुक्काम किती दिवस. पुस्तिकेचं म्हणणं असं, की एका मुलाने राखणदार व्हायचं, एकाने प्रवासी, आणि प्रवाशाने खोटं नाव सांगायचं. हे करू नका. अत्याचाराचा प्रसंग मुलांकडून वठवून घेऊ नये, हे जगभर ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकवणाऱ्यांनी अनुभवातून ठरवलेलं आहे, आणि कारणं साधी आहेत. वर्ग हसतो. काठी हातात आलेल्याला मजा वाटते. प्रवाशाची भूमिका कुणाला द्यायची हा प्रश्न येतो तेव्हा ज्या मुलाचं आडनाव सगळ्यांना ठाऊक आहे त्याच्याकडे नजरा वळतात. त्या मुलासाठी तो तास इतिहासाचा राहत नाही. आणि दहा मिनिटं ‘अस्पृश्य’ होऊन बघितलं म्हणून तो अनुभव कळला, असा खोटा समज बाकीच्यांचा होतो.

कार्ड मात्र फेकू नका. ते प्रत्येकाला एकेक द्या, हातात पेन्सिल द्या आणि एवढंच सांगा: यातला कोणता रकाना नसता तर त्यांना खोटं नाव सांगावं लागलं नसतं? तो खोडा. शांतपणे, एकेकट्याने, पाच मिनिटांत. काही मुलं ‘धर्म’ खोडतील. काही ‘नाव’ खोडतील, कारण आपल्याकडे आडनाव सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. मग दुसरा प्रश्न: आज असे रकाने कुठे कुठे भरावे लागतात आणि ते कशासाठी असतात? शिष्यवृत्तीच्या अर्जात जात विचारतात ती हक्क देण्यासाठी, घर भाड्याने देताना विचारतात ती नाकारण्यासाठी. हा फरक शिक्षकाला स्पष्ट करता आला पाहिजे, नाहीतर ‘सगळीकडून जात काढून टाका’ एवढ्या सोप्या उत्तरावर वर्ग थांबतो.

पुस्तिकेत तपशिलाच्या चुका फारशा नाहीत, पण कालपट्टीत एक आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय छापू नये. तिच्यात बाबासाहेब बडोद्याला ‘नोकरीसाठी आले’ असं एकदाच दाखवलं आहे. ते दोनदा आले. पहिल्यांदा जानेवारी १९१३मध्ये, बी. ए. झाल्यावर. लगेच २ फेब्रुवारीला वडील वारले. त्याच वर्षी सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. अट ही, की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. ती अट पाळायला ते सप्टेंबर १९१७मध्ये आले. हे दोन फेरे एक केले की मुलं हमखास विचारतात, की शिष्यवृत्ती मिळण्याआधीच अपमान झाला का, आणि उत्तर देताना शिक्षकाची गडबड उडते.

कालपट्टीत आणखी दोन नोंदी हव्या होत्या: १८९३ आणि १९०६. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते साऱ्या संस्थानाला लागू केलं. अस्पृश्यांसाठी शाळा तर त्याच्याही आधी काढल्या होत्या. वडोदऱ्याच्या मराठी मुलांना महाराजांचा अभिमान घरातूनच मिळालेला असतो, आणि तो रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवायला हवा: ज्या शहराच्या राजाने हे केलं, ज्याने या माणसाला अमेरिकेला पाठवलं, त्याच शहरात त्याला निजायला खोली का मिळाली नाही? राजाचा हुकूम शाळेच्या दारापर्यंत पोहोचला, घराच्या उंबऱ्याच्या आत नाही. आणि घरं कुणाची होती? गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने इथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही होती. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या घरांतली पणजोबांची पिढी. हे बोलताना आवाज चढवायचा नाही, कुणाला अपराधी करायचं नाही. १३ वर्षांच्या मुलाने पणजोबांचा गुन्हा डोक्यावर घ्यावा असा हेतूच नाही. पण ‘हे दुसऱ्या कुणीतरी केलं’ ही पळवाट बंद झाली पाहिजे.

बागेतली सकाळ हा संचाचा उत्तम भाग आहे. जुन्या माणसांच्या तोंडी ती कमाटीबागच, पाट्यांवर सयाजीबाग. १८७९ साली उघडलेली, विश्वामित्रीच्या काठची. स्टेशनपासून चालत जाता येतं, आणि चालतच न्या, कारण मुलांच्या हातात नकाशा आहे आणि त्या दिवशीचं अंतर पायांना कळायला हवं. बाबासाहेब ४च्या सुमारास ख्रिस्ती मित्राच्या घरून निघाले. मुंबईची गाडी रात्री ९ला होती. मधले पाच तास या बागेत काढायचं त्यांनी ठरवलं. सुन्न मनाने बसले होते आणि एकाकी पडलेल्या मुलांना आठवतात तसे त्यांना आईवडील आठवले, असं त्यांनी लिहिलं आहे. संचातलं घड्याळाचं कार्ड म्हणजे नुसती तबकडी, ४ ते ९ हा भाग करडा रंगवलेला, काटे नाहीत. बागेत गेल्यावर प्रत्येकाने एकट्याने, एकमेकांपासून दहा पावलांवर, पंधरा मिनिटं गप्प बसायचं आणि तेवढीच फाक पेन्सिलने भरायची. पंधरा मिनिटांची फाक केवढीशी होते आणि उरलेला करडा भाग केवढा राहतो, हे कार्डावर दिसतं. कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

जाण्यापूर्वी काही गोष्टी सांभाळा. रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळा. छोट्या गाडीची शिट्टी, फुगेवाले, प्राणीसंग्रहालयाची गर्दी यांत पंधरा मिनिटांची शांतता मिळत नाही. साडेसात-आठला पोहोचा. पाठीमागे नदीत मगरी आहेत, ही दंतकथा नाही, तेव्हा काठाकडे कुणालाही जाऊ देऊ नका, आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. बाबासाहेबांनी बागेत संकल्प केला अशी लोकांची आठवण आहे, म्हणून २३ सप्टेंबर हा संकल्पदिन म्हणून पाळला जातो, त्या दिवशी बागेतल्या संकल्पभूमीवर दूरदूरहून माणसं येतात. वर्गासाठी तो दिवस निवडू नका. लोक तिथे श्रद्धेने आलेले असतात, त्यांच्यामध्ये तीस मुलांना प्रश्नपत्रिका घेऊन बसवणं बरं दिसत नाही. शिवाय पावसाळा सरत आलेला असतो, गवत ओलं असतं. बसायला जाड प्लास्टिक किंवा जुनी बस्करं न्या. संग्रहालयाचा आणि फुलांच्या घड्याळाचा फेरा शेवटी ठेवा. आधी घेतलात तर मुलं परत एकाग्र होत नाहीत.

बागेबद्दल पुस्तिकेत एक वाक्य अवतरणचिन्हांत आहे: वडाखाली बसून केलेल्या प्रतिज्ञेचं. ही अवतरणचिन्हं काढा. वडाचं झाड आणि संकल्प ही लोकांनी जपलेली आठवण आहे. तिच्यामागे लाखो माणसांची भावना उभी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण संचातल्या सहा पानांत, म्हणजे बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनात, बाग आहे, पाच तास आहेत, आईवडिलांची आठवण आहे. झाड नाही, प्रतिज्ञा नाही. मुलांना हा फरक सांगितल्याने काही बिघडत नाही, उलट इतिहास कसा वाचायचा हे ती शिकतात: माणसाने स्वतः काय लिहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते कसं आठवलं. हुशार मूल मूळ पान शोधून काढतं आणि अवतरण सापडलं नाही की बाकी सगळ्यावरही शंका घेतं. अत्याचाराचा इतिहास शिकवताना एक खोटा तपशील दहा खऱ्यांना बुडवतो. मूळ मजकूर महाराष्ट्र शासनाने छापलेल्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी मालिकेत १२व्या खंडात आहे. मराठी सहा पानं त्याच्याशी ताडून पाहिली तर भाषांतर नेटकं आहे. काठ्या घेऊन आलेल्या त्या माणसांसमोर आपण उभे आहोत हे दृश्य अठरा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी आणल्याशिवाय आठवत नाही, हे वाक्य अनुवादकाने कसलाही अलंकार न चढवता ठेवलं आहे. तिथे दाद द्यावीशी वाटते.

शब्दांच्या बाबतीत मात्र ढिलाई आहे. मुलांच्या सोयीसाठी जोडलेल्या गुजराती पानावर सर्रास ‘हरिजन’ छापलं आहे. इथल्या बोलीत तो शब्द अजून रुळलेला आहे हे खरं, पण ज्यांच्याबद्दल तो वापरला जातो त्यांतल्या बहुतेकांना तो नको आहे. ‘अस्पृश्य’ हा शब्द त्या काळाच्या मजकुरात जिथे आहे तिथे राहू द्या. शिक्षकाच्या तोंडी ‘दलित’ किंवा ‘अनुसूचित जाती’ असावं. जातींची जुनी नावं शिवीसारखी वापरली जातात, ती समजावून सांगण्यासाठीसुद्धा वर्गात उच्चारू नयेत. कुणी मुलाने उच्चारलीच तर तिथल्या तिथे रागावण्यापेक्षा एवढं सांगा, की कुणाला जातीवरून चारचौघांत अपमानित करणं हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि पुढे चला. घटनेचं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ मुलांना पाठ असतं. कायदा रोजच्या बोलण्यापर्यंत येतो हे बहुतेकांना नवीन असतं.

तलाठ्याची दोन पानं या संचातलं दुसरं चांगलं काम. त्याच आठवणींत शेवटी ती हकीकत आहे. १९ फेब्रुवारी १९३६ रोजी तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या बोरसदच्या मामलेदार कचेरीत एका दलित तरुणाची तलाठी म्हणून नेमणूक झाली. बोरसद म्हणजे वडोदऱ्याहून तासाभराचा रस्ता. कचेरीत पाणी पिण्यासाठी त्याला एक गंजका डबा वेगळा ठेवलेला होता, त्याला दुसरं कुणी शिवत नसे. गावात भाड्याने घर मिळेना. शेवटी जिवावर बेतलं तेव्हा नोकरी सोडून तो मुंबईला निघून गेला. ६ मार्च १९३८ रोजी दादरच्या कासारवाडीतल्या सभेत त्याने स्वतः हे सांगितलं. ही हकीकत का हवी? बाबासाहेबांची गोष्ट मुलांना ठाऊक असलेल्या यशापाशी संपते आणि ‘जिद्द असली की माणूस वर येतो’ असा सोयीचा निष्कर्ष निघतो. तलाठी परत आला नाही, मोठाही झाला नाही. हक्काची नोकरी गेली ती गेलीच. छळाने किती माणसं अशी गिळली, याचा अंदाज मुलाला याच दोन पानांतून येतो. पुस्तिकेने ही पानं ‘वेळ उरल्यास’ या सदरात टाकली आहेत. वेळ कधीच उरत नाही. जर्मनीचं पान मागे ठेवा, पण ही सोडू नका.

जर्मनीचं पान अगदीच घाईत केलेलं आहे. १९३३ ते १९४५ एका पानात, आणि मध्यभागी छावणीतल्या प्रेतांचं छायाचित्र. ते छायाचित्र काढून टाका. १३-१४ वर्षांचं मूल एकतर तोंड फिरवतं, नाहीतर मोबाइलवर तसलीच आणखी चित्रं शोधतं. दोन्हींत त्या माणसांची विटंबनाच होते. त्याऐवजी पानाच्या कोपऱ्यात जी बारीक नोंद आहे ती मोठी करा: बागेतल्या बाकांवर ‘ज्यूंसाठी नाही’ अशा पाट्या. आधी दुकानांवर बहिष्कार, १ एप्रिल १९३३. मग १५ सप्टेंबर १९३५चे कायदे, ज्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. मग ९ नोव्हेंबर १९३८ची रात्र, प्रार्थनाघरं जाळण्याची. साठ लाख ज्यूंच्या हत्येपर्यंतचा रस्ता बाकावरच्या पाटीसारख्या गोष्टींवरून गेला, हे बागेतून आलेल्या मुलांना लगेच कळतं. कुणाचं दुःख मोठं याची तुलना मात्र करू देऊ नका. जातिव्यवस्था आणि ज्यूंचा संहार या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं वेगळी, काळ वेगळा. वर्गात सारखा ठेवायचा तो एकच प्रश्न: शेजारी काय करत होते? हे पान गुजरातेत अनाठायी नाही. हिटलरचं नाव इथे ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून सहज घेतलं जातं, आणि २०१२ साली अहमदाबादेत एका कपड्याच्या दुकानाला तेच नाव दिलं गेलं होतं.

संच आजच्याबद्दल गप्प आहे, ही खरी उणीव. पाच दारांच्या कागदांखाली सहावा कागद हवा होता, कोरा. २०२४ साली वडोदऱ्यातच एका सरकारी घरकुल योजनेत एका मुस्लिम महिलेला घर मिळालं म्हणून तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, ती बातमी देशभर छापून आली. दारात कोण उभं आहे, काय कारण दिलं, कशाची भीती होती: तेच तीन प्रश्न या बातमीला विचारता येतात. आणि २००२च्या दंगली? १ मार्च २००२ रोजी या शहरात हनुमान टेकरीवर एका बेकरीत १४ जणांना मारलं गेलं, खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला नेला. ज्या मुलांना आपण शिकवतो त्यांचे आईवडील तेव्हा तरुण होते, आणि दोन्ही बाजूंची घरं याच शहरात आहेत. हा विषय कधीच घ्यायचा नाही असं म्हणणं चूक आहे. पण चाळीस मिनिटांत, तयारी नसलेल्या शिक्षकाने, आठवीच्या वर्गात घ्यावा असाही तो नाही. दहावीनंतर, पालकांशी आधी बोलून, न्यायालयाच्या निकालाचे कागद हातात घेऊन घ्यावा. तोवर निदान सहावा कोरा कागद तरी जोडा.

प्रतिज्ञेचं शेवटचं पान छापूच नका. ‘मी कधीही भेदभाव करणार नाही’ यावर तीस सह्या दोन मिनिटांत होतात आणि विषय संपल्यासारखा वाटतो. त्या जागी एक काम द्या, पंधरा दिवसांचं. आपल्या सोसायटीत, पोळीत (जुन्या गल्लीतल्या वस्तीत) किंवा वाड्यात घर भाड्याने देताना काय काय विचारतात, झाडूवाल्याला पाणी कोणत्या भांड्यातून देतात, घरकामाच्या मावशी लिफ्ट कोणती वापरतात, हे नुसतं पाहून लिहायचं. नावं लिहायची नाहीत, कुणाशी वाद घालायचा नाही. कागद चौघडी करून बंद पेटीत टाकायचा. पेटी वर्गात उघडू नका. आधी शिक्षकाने एकट्याने वाचावं, कारण एखाद्या कागदावर मुलाने स्वतःच्या घरातलं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि एखाद्यावर स्वतःसोबत घडलेलं. पहिल्या प्रकारचे कागद नाव न घेता चर्चेला घेता येतात. दुसऱ्या प्रकारचे घेऊ नयेत. त्या मुलाशी वेगळं बोलावं आणि त्याला काय हवं आहे ते विचारावं.

छपाईबद्दल दोन शब्द. मजकुराची सहा पानं ए-फोरवर पाठपोट छापली की मागची अक्षरं उमटतात. जाड कागद घ्या किंवा एकाच बाजूला छापा. इथल्या बऱ्याच मराठी मुलांचं वाचन गुजरातीत किंवा इंग्रजीत होतं, घरी मराठी बोलतात पण परिच्छेद वाचायला अडखळतात. म्हणून मजकूर आधी शिक्षकाने मोठ्याने वाचावा, मुलांनी बोट ठेवून मागे यावं. एकूण वाचनाला १८-२० मिनिटं लागतात. दारांचे पाच कागद ए-थ्रीवर काढा, शेवटच्या बाकावरून तिसरी ओळ वाचता आली पाहिजे. आणि ते तास संपल्यावर उतरवू नका. सहावा कोरा कागद त्यांच्या शेजारीच लावा, खाली दोरीला पेन्सिल बांधून.